गोलकीपरच्या वडिलांशी बोललो होतो

लोकांच्या घरी जायचं, दिलेला चहा प्यायचा आणि निघताना त्यांचं पोर मागायचं, हा उद्योग मी इथं डच मुलखात, फेल्डहोवनशेजारच्या एका गावात सतरा वर्षं केला. पोर मागायचं ते फुटबॉलसाठी. इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, "काका, तुमच्या नोकरीवर लिहा. बाकी सगळे चिपवरच लिहितात." खरं आहे त्यांचं. आमच्या मंडळात जवळजवळ सगळे जण त्या एका मोठ्या कंपनीत कॉम्प्युटरच्या चिपची यंत्रं बनवतात, आणि उरलेल्यांची लग्नं त्यांच्याशी झालेली आहेत. मी त्या उरलेल्यांतला. बायकोला इथं नोकरी लागली आणि मी तिच्या मागोमाग आलो. कोल्हापुरात मी हायस्कुलात पी.टी.चा मास्तर होतो आणि आमच्या पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल टीमला शिकवायचो. इथं आल्यावर दोन वर्षं भांडी घासली, मुलाला शाळेत सोडलं आणि डच भाषेच्या वर्गात सगळ्यांत मागच्या बाकावर बसलो.

क्लबच्या मैदानावर पहिल्यांदा गेलो तेव्हा एक लांबलचक माणूस चुन्याचं यंत्र ढकलत पांढऱ्या रेघा ओढत होता. कोणीतरी सांगितलं, हा विम, क्लबचा अध्यक्ष. मी गारच पडलो. आमच्याकडं अध्यक्ष फायनलला उगवतो, ते पण बक्षीस द्यायला. विमच्या रेघा वाकड्या येत होत्या. मला राहवेना. म्हटलं, आण इकडं, मी ओढतो. माझ्या रेघा सरळ आल्या आणि पुढच्या शनिवारी त्याचा फोन आला. रेघांवरून मी लहान मुलांचा कोच झालो, मग इथल्या परीक्षा दिल्या आणि मग क्लबच्या मुलामुलींच्या विभागाचा प्रमुख झालो. पगार अर्ध्या वेळेचा होता आणि काम पूर्ण वेळेचं.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गावातला क्लब म्हणजे सहा वर्षांच्या पोरांपासून साठीच्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या टीम आणि एक कँटीन. आईबाप पाळीपाळीनं टीमचे कपडे धुतात आणि कॉफी विकतात. सगळ्यांत वर पहिली टीम, पुरुषांची एक आणि मुलींची एक. गावाची अब्रू तिच्यावर. ही पहिली टीम करायच्या दोन रीती. एक म्हणजे सहा-सात वर्षांचं पोर आणायचं, दहा-बारा वर्षं शिकवायचं आणि सतरा-अठराव्या वर्षी वर सोडायचं. दुसरी म्हणजे शेजारच्या क्लबात तयार झालेला खेळाडू उचलायचा. त्यानं जूनच्या मध्यापर्यंत तिकडून नाव काढायचं आणि इकडं घालायचं, फोनवर दोन मिनिटांचं काम. पहिलं घरचं विरजण आणि दुसरं दुकानातलं दही. दुकानातलं दही वाईट असतं असं माझं म्हणणं नाही. पण रोज तेच आणायला लागलात की घरात विरजणाला थेंब उरत नाही.

मी पहिल्या रीतीचा माणूस. आता पोरं आणायची कुठून? गावातली डच मुलं निम्मी हॉकीकडं वळलेली, आणि जी चांगली खेळायची ती मोठ्या क्लबात. नव्या वसाहतीत मात्र घरंच्या घरं बाहेरून आलेल्या लोकांची, आमची, तुर्कांची, पोलंडवाल्यांची. विमनं त्यांच्यासाठी सुंदर पत्रक छापलं, 'या, मोफत खेळून बघा.' त्या दिवशी मैदानावर विम होता, मी होतो आणि संत्र्याचा रस भरलेले साठ पेले होते.

मग मी कोल्हापुरी रीत काढली. आमच्या तालमीत पोरगं घ्यायचं असलं की दोन वडीलधारी माणसं त्याच्या घरी जायची. आईला म्हणायची, "वहिनी, पोरगं आम्हाला द्या. अभ्यासाला घरी पोचवायची जबाबदारी आमची." पोराला कोणी विचारत नसे. ते दाराआड उभं राहून आपला निकाल ऐकत असे. मीसुद्धा असाच दाराआडून ऐकून खेळाडू झालो. विमला हे सांगितलं तर तो घाबरला. "लोकांच्या घरी जाणार? वेळ न ठरवता?" म्हटलं, वेळ ठरवली की माणसं घर आवरतात, आणि घर आवरलं की माणसं खरं बोलत नाहीत.

ही रीत चालली. लई चालली. एका तुर्की आजीनं मला सात पेले चहा पाजला आणि आठव्याला सांगितलं की नातू दुसऱ्या क्लबात जातोय, पण तुमचं बोलणं गोड वाटलं म्हणून थांबवून घेतलं. पुढच्या वर्षी तिनं दोन नातू आणून सोडले. एका आईला सर्टिफिकेट कोणत्या लेव्हलचं मिळेल ते आधी कळायला हवं होतं. पुण्याच्या एका बापानं लॅपटॉप उघडून तक्ताच दाखवला. मुलगा सात वर्षांचा. नऊपर्यंत ड्रिब्लिंग, अकरापर्यंत डावा पाय, तेराव्या वर्षी व्यावसायिक अकादमी. मी विचारलं, "तक्ता झकास आहे, पोरगं कुठाय?" पोरगं सोफ्याखालून मांजर ओढून काढत होतं. तीन वर्षं खेळलं ते आमच्याकडं. डावा पाय काही आला नाही, पण अजून मी रस्त्यात दिसलो की सायकल थांबवून बोलतं.

तयार खेळाडूंचेही नमुने पाहिले. रॉब नावाचा एक प्लंबर स्ट्रायकर होता, पाच वर्षांत पाच क्लब केलेला. आमच्याकडं बोलणी करायला आला तेव्हा पहिला प्रश्न, कँटीनमध्ये बटाटे तळणारा कोण आहे? एका हंगामात पंधरा-वीस गोल घातले त्यानं, आणि मे महिन्यात सहावा क्लब बघायला गेला. त्याच्यासाठी बाहेर बसवलेला आमचा पोरगा तोवर टेनिस खेळायला लागला होता. मी विमला म्हटलं, बघ, एक आला न् दोन गेले. विम म्हणाला, "दिलीप, तू फार जुना माणूस आहेस." तो माझ्याहून आठ वर्षांनी मोठा आहे.

अशी बारा वर्षं मी विमशी भांडलो. बाहेरचा आणू नका, आपल्या पोराला संधी द्या. बैठकीत माझं तोंड उघडलं की माणसं कॉफी आणायला उठायची, इतकं ते पाठ झालं होतं सगळ्यांना. आणि मग एक दिवस बाहेरचा खेळाडू मीच आणला. हा लेख खरा त्यासाठीच लिहायला घेतलाय, बाकीचं उगाच लांबवत बसलो.

तन्वीच्या घरी मी गेलो होतो तिच्या भावासाठी. वडील अविनाश, मूळचे साताऱ्याचे, त्याच मोठ्या कंपनीत इंजिनिअर, फार सज्जन माणूस. भाऊ दहा वर्षांचा. त्याला फुटबॉल नको होता, तो खोलीचं दार लावून बसला. ही साडेसात वर्षांची, बाहेर चपलांच्या रॅकसमोर उभी राहून भिंतीवर मोज्यांचा गोळा फेकत होती आणि झेलत होती. मी चहा पीत बघत होतो. डाव्या बाजूला झेप, उजव्या बाजूला झेप, एकदाही खाली पडू दिला नाही. मी काही म्हणायच्या आत तीच आत येऊन म्हणाली, "मी येते." सतरा वर्षांत स्वतःच्या तोंडानं असं म्हणणारं एवढं एकच पोर मला भेटलं. आणि मी काय केलं, तर अविनाशरावांकडं वळून विचारलं, "पाठवाल का हिला?"

पहिल्या मॅचला तिनं नऊ गोल खाल्ले. ग्लोव्हज इतके मोठे होते की बॉल अडवल्यावर ग्लोव्ह बॉलबरोबर जायचा. गाडीत बसल्यावर मला वाटलं आता रडेल. तिनं विचारलं, "बुधवारी प्रॅक्टिस आहे ना?" त्या दिवशी माझ्या मनात आलं, ही आपल्या पहिल्या टीमच्या गोलमध्ये उभी राहणार. कोणाला बोललो नाही. पण दहा वर्षं मी त्या एका गोष्टीच्या मागं होतो, आणि ती पण होती.

मी तिच्याशी मराठीत बोलायचो आणि ती डचमध्ये उत्तर द्यायची. इथल्या पोरांचं तसंच असतं. मला एकच वेड, गोलकीपरनं रेघेवर चिकटून राहायचं नाही, पुढं यायचं. "पुढं ये, पुढं ये" असा मी बाहेरून ओरडायचो. ते शब्द पुढं सगळ्या टीमला समजायला लागले. पिवळ्या वेण्यांच्या डच पोरी तिला 'पुढं ये' म्हणून ओरडायच्या, त्यांच्या त्या घशातल्या उच्चारात. कोल्हापुरात कोणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

सतराव्या वर्षी ती मुलींच्या पहिल्या टीममध्ये आली. टीमची कोच मर्यान, गावातल्या शाळेतली बाई, सरळ आणि तिखट. अकरापैकी सात पोरी मी घरी जाऊन मागून आणलेल्या. ती टीम त्या वर्षी वरच्या श्रेणीत जायच्या दारात होती. शेवटच्या मॅचला बरोबरी पुरे होती. पाच मिनिटं राहिली असताना समोरच्या पोरीनं लांबून बॉल मारला. तन्वी पुढं आली होती, मी शिकवलं होतं तेवढी पुढं. बॉल तिच्या डोक्यावरून गेला. मॅच गेली, श्रेणी गेली. बाकीच्या पोरी कपडे बदलायच्या खोलीत रडत होत्या आणि ही एकटी मैदानावरचे कोपऱ्यातले झेंडे गोळा करत होती. मी जवळ गेलो नाही. लांबून बघितलं आणि गाडीकडं गेलो.

त्याच महिन्यात समजलं की शेजारच्या गावातला मुलींचा संघ मोडतोय आणि त्यांची गोलकीपर लॉटे क्लब शोधतेय. सव्वीस वर्षांची, उंच, वरच्या श्रेणीत खेळलेली. विमनं फक्त तोंड उघडलं होतं, म्हणाला, "दिलीप, मला ठाऊक आहे तू काय म्हणशील." मी काहीच म्हटलं नाही. घरी आलो आणि लॉटेला फोन केला. फोन मी केला, विमनं नाही. मला एकदा वर जायचं होतं. मी मागून आणलेल्या पोरी वर गेलेल्या बघायच्या होत्या, आणि त्यासाठी त्यांतल्याच एकीला बाहेर बसवायला मी तयार झालो.

आता तन्वीला सांगायचं होतं. मला रीत एकच ठाऊक. वीस वर्षांचा असताना आमच्या तालमीनं फायनलसाठी बाहेरून दोन खेळाडू आणले होते आणि माझी जागा गेली होती. आदल्या दिवशी तालमीतले अण्णा घरी येऊन माझ्या वडिलांशी बोलून गेले. वडिलांनी जेवताना माझ्या ताटात भाकरी वाढली आणि म्हणाले, "उद्या तू बाहेर हाईस. मी येतोय तुझ्यासंगं." दुसऱ्या दिवशी ते दुकान बंद करून आले आणि बाकामागं कठड्याला टेकून उभे राहिले. वाईट वाटलं मला, पण बापाच्या तोंडून ऐकलं म्हणून ते पचलं. माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की कडू गोष्ट पोराला घरच्या माणसाकडून कळावी, चारचौघांत कळू नये. मी याला माया समजत होतो.

म्हणून ऑगस्टमध्ये, हंगामाच्या पहिल्या मॅचच्या आधीच्या बुधवारी, मी अविनाशरावांकडं गेलो. त्यांनी पोहे केले होते. मी सगळं सांगितलं, लॉटे चांगली आहे, एक वर्षाचा प्रश्न आहे, तन्वीचं वय लहान आहे, तिनं शिकावं. ते म्हणाले, "तुम्ही सांगाल ते, सर. तुमच्याहून जास्त आम्हाला काय कळणार." एवढ्यात तन्वी जिन्यावरून खाली आली. पाण्याची बाटली भरली, मला "हाय सर" म्हणाली, एक मिनिट तिथंच उभी राहिली. अविनाशराव माझ्याकडं बघत होते आणि मी पोह्यांकडं. ती वर गेली. मला वाटलं, वडील सांगतील. पुढं कळलं की त्यांना वाटलं, सरच सांगणार, सरांचा मान आहे तो.

शुक्रवारी संध्याकाळी मर्याननं नेहमीप्रमाणे टीमची यादी फोनवर सगळ्यांना पाठवली. तन्वीनं ते तिथं वाचलं.

रविवारी ती सगळ्यांच्या आधी आली. दुसऱ्या गोलकीपरचं काम काय, तर मॅचच्या आधी पहिलीला बॉल मारून तिचे हात गरम करायचे. तन्वीनं लॉटेला अर्धा तास बॉल मारले, एकेक बॉल जिथं हवा तिथं. चुकीचा एक नाही. मर्यान माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

"तू तिच्याशी बोललास ना?"

"हो. तिच्या वडिलांशी बोललो."

ती माझ्याकडं बघतच राहिली. म्हणाली, "वडिलांशी? दिलीप, ती अठरा वर्षांची आहे. वडील उभे राहतात का गोलमध्ये?"

मी म्हटलं, आमच्यात असंच असतं. ती म्हणाली, "तुमच्यात असेल. तिच्यात आहे का, हे तिला विचारलंस?" राग आला मला तिचा. शिकवायला आली मोठी, असं मनात म्हटलं. तिचं बरोबर होतं म्हणून जास्त राग आला असावा.

तरी मी तन्वीशी बोललो नाही. आज बोलू, उद्या बोलू. एक आठवडा गेला की बोलणं अवघड होतं, आणि एक महिना गेला की ते विनाकारण वाटायला लागतं. ती प्रत्येक प्रॅक्टिसला आली. गारा पडत असताना आली, परीक्षेच्या आदल्या दिवशी आली. वर्षभरात एक कपची मॅच खेळली, ती पण लॉटेचा अंगठा दुखावला म्हणून. तक्रार नाही, रुसवा नाही. मला वाटलं, झालं, पोरगी समजूतदार आहे. माणसाला सोयीचं असलं की समोरचा समजूतदार वाटतो.

लॉटेबद्दल वाईट लिहिणार नाही. ती फार छान खेळली आणि तन्वीला आपलं होतं नव्हतं ते शिकवत राहिली. आम्ही वर गेलो. शेवटची शिट्टी झाली तेव्हा मी नाचलो, साठीला टेकलेला माणूस, मैदानाच्या मधोमध. पोरींनी मला उचललं. खोटं कशाला बोलू, आनंद झाला मला. उचलणाऱ्यांत तन्वी होती की नाही ते आता आठवत नाही, आणि आठवत नाही याचाच त्रास होतो.

जूनमध्ये लॉटेला लायडनला नोकरी लागली आणि ती गेली. मी मनात म्हटलं, देव पावला, आता तन्वी. त्याच आठवड्यात सभासदांची यादी बघणाऱ्या बाईंचा मेल आला. बदलीसाठी नाव काढलेले खेळाडू. दुसऱ्या ओळीत तन्वी. ती शिकायला उट्रेख्टला जाणार होती आणि तिथल्याच एका क्लबात तिनं नाव घातलं होतं. इथली पद्धत सांगतो, म्हणजे मला काय लागलं ते कळेल. गावातली पोरं शिकायला कुठंही गेली तरी रविवारी खेळायला आपल्या गावात येतात, आईकडं धुवायचे कपडे घेऊन. उट्रेख्ट काही लांब नाही, गाडीनं तासाभराचं अंतर. तिला यायचं असतं तर ती आली असती.

मी पुन्हा त्यांच्या घरी गेलो. अविनाशरावांनी दार उघडलं आणि ओशाळून म्हणाले, "सर, ती मैत्रिणींबरोबर बाहेरगावी गेलीय. मला वाटलं, तिनं तुम्हाला सांगितलं असेल." चहा पिऊन परत आलो. त्या हंगामात आमच्या गोलमध्ये एक डिफेन्समधली पोरगी ग्लोव्हज घालून उभी केली. आम्ही आलो तसे खाली गेलो. त्याचं मला एवढं काही वाटलं नाही. मला वाईट वाटायचं ते मैदानावर. माझ्या तोंडात 'पुढं ये' यायचं आणि मी ते गिळायचो, कारण गोलमधल्या पोरीला ते ओरडण्यात अर्थ नव्हता.

त्यानंतर एक हंगाम मी रेटला आणि गेल्या जूनमध्ये काम सोडलं. कँटीनमध्ये केक कापला, विमनं भाषण केलं, भाषणात माझ्या सरळ रेघांचं कौतुक केलं. आता रविवार मोकळा. मोकळा रविवार किती लांब असतो हे मला ठाऊकच नव्हतं. दुपारी एक-दीड वाजला की पाय आपोआप बूट शोधतात. बायको म्हणते, "जा की मैदानावर, कोण अडवलंय?" पण जाऊन काय बघू? मला जे बघायचं होतं ते तिथं नव्हतं.

गेल्या महिन्यात उठलो आणि उट्रेख्टची गाडी पकडली. मैदान शोधून गोलच्या मागं, कुंपणाच्या बाहेर उभा राहिलो. ती एकवीस वर्षांची झालीय. केस बारीक कापलेत. पहिल्या दहा मिनिटांत समजलं की मी हिला जेवढं शिकवलं त्याच्या पुष्कळ पुढं ही गेली आहे. लांबून बॉल आला की ती आधी मागं बघते, मग ठरवते पुढं यायचं की नाही. मी तिला फक्त पुढं यायला शिकवलं होतं. मागं बघायचं ती माझ्याशिवाय शिकली. बाजूनं आलेला एक क्रॉस तिनं गर्दीतून असा उचलला की माझ्या तोंडातून 'वा' निघालं. तिनं वळून बघितलं नाही, पण तिची मान जराशी हलली.

मॅच संपल्यावर ती ग्लोव्हज काढत कुंपणापाशी आली. डचमध्ये म्हणाली, "सर, तुम्ही इथं कसे?"

म्हटलं, "तुझी मॅच बघायला आलो."

"मॅच कुठं आहे ते कसं समजलं?"

"बाबांना विचारलं. त्यांनी वेळ आणि पत्ता पाठवला."

हे बोललो आणि जीभ चावली. तीन वर्षं ज्या गोष्टीसाठी झुरलो तीच पुन्हा करून आलो होतो. ती हसेल असं वाटलं, पण ती हसली नाही. मग मीच बोललो, मराठीत, कारण अशा वेळी मला दुसरं काही येत नाही. "तन्वी, माझं चुकलं. त्या वर्षी मी तुझ्याशी बोलायला हवं होतं."

ती ग्लोव्हजची पट्टी उघडत आणि लावत राहिली. मग मराठीत म्हणाली, थांबत थांबत, शब्द शोधत, "लॉटे चांगली होती, सर. मला पण माहीत होतं. मी तेच म्हणणार होते तुम्हाला. मी वाट बघितली. पूर्ण वर्ष."

दहा वर्षांत ती माझ्याशी एवढं मराठी एका वेळी कधी बोलली नव्हती. मैदानावरून कोणीतरी तिला हाक मारली. जाता जाता तिनं माझा फोन मागितला, त्यात स्वतःचा नंबर घातला आणि नाव लिहिलं. तेव्हा मला कळलं की इतकी वर्षं माझ्या फोनमध्ये तिचा नंबरच नव्हता. 'तन्वीचे बाबा' एवढंच होतं.

येत्या रविवारी तिची मॅच डेव्हेंटरला आहे, हे मी इंटरनेटवर शोधलं. मंगळवारी तिला मेसेज केला, 'येऊ का बघायला?' आज शुक्रवार आहे. दोन निळ्या खुणा दिसतायत, उत्तर नाही. तिनं हो म्हणावं असं मला फार वाटतंय. आणि नाही म्हटलं तर तेही तिनंच म्हणायचं आहे. संपादकबाईंना हा लेख आजच पाठवायचा आहे, म्हणून पुढचं लिहायला माझ्याकडं काही नाही. मघाशी बायको म्हणाली, "अविनाशला विचार ना, तो सांगेल." मी फोन हातात घेतला, 'तन्वीचे बाबा' काढलं आणि परत ठेवून दिला.